पारड्याखाली बांधलेलं माप

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या सरपंच माननीय कस्तुराबाई, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या उपकेंद्राच्या सिस्टर आदरणीय शुभांगीताई, कामरगावहून आणि इंझोरीहून जीप करून आलेली आमची पाहुणेमंडळी, शिवारसखा भाजीपाला मंडळाचे सर्व सभासद शेतकरी-कास्तकार बंधू, उजव्या हाताला बसलेल्या माझ्या माय-बहिणी, आणि ज्यांच्यासाठी आपण आज कामधंदा सोडून इथं जमलो ते मंडळाचे मावळते अध्यक्ष, माझे थोरले भाऊ म्हणावेत असे इंद्रभानदादा आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या आवडावहिनी, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी गजेंद्र. मंडळाचा सचिव. ओळख करून द्यायची गरज नाही, पण पाहुणे आहेत म्हणून सांगितलं. दरवर्षी संक्रांतीनंतर मंडळाचा वाढदिवस असतो आणि त्या दिवशी माईक माझ्याच हातात असतो. मी चार कोट्या करतो, तुम्ही हसता, आणि कार्यक्रम पार पडतो. त्यामुळे मी उभा राहिलो की मागच्या रांगेतली मंडळी आधीच हसायला लागतात. आत्ताही दोघं-तिघं हसले. हसा बापा, तुमचा दोष नाही. पण आज माझ्याजवळ विनोद नाही.

खरं सांगायचं तर हे भाषण मी माझ्या मर्जीनं करत नाही. दादांना निमंत्रण द्यायला मी घरी गेलो, तेव्हा ते ओसरीत खाटेवर बसले होते, डावा पाय स्टुलावर ठेवून. त्या पायाचा पुढचा भाग आता नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हटलं, दादा, तुम्ही अध्यक्षपद सोडता आहात, लेकीकडे अकोल्याला राहायला चालले आहात, तर गावानं तुम्हाला शाल-श्रीफळ देऊन निरोप द्यावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. दादांनी स्टुलावरचा पाय खाली घेतला. मग म्हणाले, "येतो. पण माया दोन अटी हायेत. एक म्हणजे काट्याची गोष्ट तू सोताच्या तोंडानं सगळ्याईसमोर सांगशीन." दुसरी अट त्यांनी नंतर सांगितली. ती माझ्या स्वतःच्या अंगावरची आहे, माझ्या हातापायाची आहे असं म्हणा. ती सांगायला मी अजून धीर गोळा करतो आहे. बोलता बोलता तिथवर येईनच.

आधी दादांविषयी. तरुण पोरांना कदाचित माहीत नसेल, की हे मंडळ निघालं ते काट्यावरूनच. पूर्वी आपण वांगी, कोबी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जी काही असेल ती पहाटे बांधून बाहेर घेऊन जायचो आणि तिथं जो भेटेल त्याच्या काट्यावर टाकायचो. घरी मोजून नेलेला माल तिथं भरायचा नाही. आपण म्हणायचो, वाटेत सुकला असेल. भाजी सुकते, हे आपल्याला पटायचंही. एका सकाळी दादांनी एका व्यापाऱ्याच्या काट्याचं मापाकडचं पारडं उलटं केलं आणि खाली तारेनं बांधलेला लोखंडाचा तुकडा सगळ्यांना दाखवला. पासंग. दादा भांडले नाहीत, शिवी दिली नाही. माल उचलला, घरी आणला, आणि त्याच आठवड्यात आपल्या गावात, बाहेरच्या लिंबाच्या झाडाखाली, आपली हर्रासी, म्हणजे भाजीचा लिलाव, सुरू केली.

तेव्हापासून आपला एक नियम आहे. हर्रासी सुरू व्हायच्या आधी रिकामा काटा सगळ्यांना दाखवायचा. दोन्ही पारडी उलटी करून दाखवायची, मग माल टाकायचा. पाहुण्यांना हे नवल वाटतं. एकदा एक व्यापारी म्हणाले होते, तुमचा काटा आहे की देव, रोज त्याची पूजा करता? पण या गावच्या भाजीला जो भाव मिळतो तो त्या उलट्या पारड्यांमुळे मिळतो. दादांनी हे केलं. बाकी सत्कारात जी विशेषणं वापरतात ती सगळी वापरून झाली तरी दादांची ओळख एवढीच आहे, की या माणसानं काटा खरा ठेवला.

आणि म्हणूनच पुढचं सांगताना माझी मान वर होत नाही.

मंडळाच्या वाढदिवसाला आपण अध्यक्षांची गूळतुला करतो. पाहुण्यांसाठी सांगतो. कांद्याचा जो मोठा काटा आहे, तो लिंबाच्या फांदीला टांगायचा, एका पारड्यात पाट ठेवून अध्यक्षांना बसवायचं, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या रचायच्या. काटा बरोबरीला आला की टाळ्या. तो गूळ मग फोडून घरोघर जातो, आणि उरलेला हर्रासीला येणाऱ्या माणसाच्या तोंडात पडतो, सोबत पाणी. प्रथा चांगली आहे. मी तिला नावं ठेवत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत दादा म्हणजे काय माणूस होता, आठवतंय ना? पाटावर बसले की फांदी करकरायची. भेल्यांवर भेल्या रचून आपल्या काटा बांधणाऱ्या सेवालालच्या हाताला फोड यायचे. मी माईकवर म्हणायचो, अध्यक्ष भारदस्त आहेत, मंडळाला परवडत नाहीत. मग काही वर्षांनी आणलेल्या भेल्यांतली एक उरली. पुढच्या वर्षी आणखी उरल्या. त्यावर मी काय म्हणालो होतो, ते तुमच्यातल्या कित्येकांना आठवत असेल. मी म्हणालो, अध्यक्षांनी यंदा मंडळाचा गूळ वाचवला, असा काटकसरी अध्यक्ष जिल्ह्यात नाही. तुम्ही पोट धरून हसलात. दादाही हसले. मी तर त्यांची स्तुती केली, की पन्नाशी ओलांडली तरी दादांनी शरीर कसं पोरासारखं सडपातळ केलं पहा.

जेवण न तोडता, उपास न करता, न धावता एक माणूस दर साली कमी होत चालला होता. भर सभेत, सगळ्या गावासमोर, काट्यावर बसवून आपण ते मोजत होतो. आणि टाळ्या वाजवत होतो. अध्यक्ष महोदया, मला सांगा, याला काय म्हणावं?

बरं, तेवढंच एक लक्षण होतं असंही नाही. हर्रासीच्या जागी जो रांजण आहे, त्याच्याजवळ दादांनी आपली बसायची जागा हलवली. बोली चालू असताना त्यांचा हात सारखा तांब्याकडे जायचा. पोरं म्हणायची, दादांनी रांजण विकत घेतला. ऐन बोलीत ते उठून लघवीला जायचे, बोली थांबायची, व्यापारी कुरकुरायचे, आणि आम्ही सांगायचो की वय झालं. दुपारी कोबीच्या पोत्याला टेकून दादांचा डोळा लागायचा. ज्या माणसाला पहाटेपासून बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं, तो माणूस बसल्या जागी पेंगायला लागला, आणि आम्ही त्यांच्या झोपेवर कोट्या केल्या. काट्याची सुई त्यांना दिसेनाशी झाली, तेव्हा मी बाजारातून तयार चष्मा आणून दिला आणि वर उपकार केल्यासारखा मिरवलो. काखेत फोड यायचा, तो बसला की दुसरा उठायचा. त्यावर मी कडुनिंबाचा पाला सांगितला.

आणि आवडावहिनी. वहिनी माझ्याकडे एकदा नाही, अनेकदा आल्या. म्हणाल्या, "भावजी, यायच्या पायाले मुंग्या येतेत. तळपाय जळते म्हणतेत, अन् चप्पल पायातून निसटली तरी यायले समजत नाई." मी सचिव, मी गावचा जाणता माणूस, मी त्यांना सांगितलं की तिळाचं तेल कोमट करून चोळा. वहिनींनी चोळलंही. रोज चोळलं.

मला नंतर शुभांगीताईंनी समजावून सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर ताई सुधारतील. साखरेच्या आजारात अन्नातली साखर रक्तात साचते पण अंगाला लागत नाही. पाट भरून वाहतोय आणि वाफा कोरडा, असा प्रकार. साचलेली साखर शरीर लघवीवाटे बाहेर टाकतं, सोबत पाणी जातं, म्हणून लघवी वाढते आणि म्हणून तहान लागते. अंगाला खायला मिळत नाही, म्हणून ते स्वतःचंच मांस-चरबी जाळतं, म्हणून माणूस उतरतो आणि थकतो. नजर अंधुक होते, जखमा भरत नाहीत, आणि दुखणं बरीच वर्षं अंगात राहिलं की पायाची जाणीव जाते. आणि ताई आणखी एक सांगतात, की कित्येकांना यातलं काहीच होत नाही, तरी साखर असते. म्हणून तिशी झाली की दुखो न दुखो, तपासून घ्यायचं. आम्हाला तर सगळं दिसत होतं. आम्ही एकेका लक्षणाला एकेक गमतीचं नाव देऊन ठेवलं होतं.

आता मागच्या वर्षीच्या तुलेकडे येतो. दादांनी तेच सांगायला लावलं आहे.

त्या वर्षी दादांचा सदरा त्यांच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला होता. तुलेच्या सकाळी काटा बांधताना सेवालाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "गजेंद्रभाऊ, दादाचं पारडं वरच राह्यलं तं बाहेरचे लोक काय म्हणतीन? अध्यक्ष हलका झाला म्हणतीन." सेवालाल, तू समोर बसला आहेस, तुझं नाव घेतलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. बोललास तू, पण होकार माझा होता. आम्ही कांदे तोलायचं एक मोठं लोखंडी माप बारदान्यात गुंडाळलं आणि दादांच्या पारड्याखाली बांधलं. वर पाट, पाटावर सतरंजी, सतरंजीला झेंडूच्या माळा. त्याच्या आदल्या वर्षीइतक्याच भेल्या लागल्या. हे काही मोठं गुपित नव्हतं. काटा बांधायला जे जे होते त्या सगळ्यांना माहीत होतं, त्यांच्या घरच्यांना माहीत होतं. तुमच्यातले कितीतरी जण ओठ दाबून हसत होते, मी माईकवरून पाहत होतो. आम्हाला वाटलं, आम्ही दादांची शान राखली.

ज्या माणसानं पासंग पकडून दिला म्हणून हे मंडळ उभं राहिलं, त्याच माणसाच्या पारड्याला आम्ही पासंग लावला. आणि त्या दिवशी रिकामा काटा कोणाला दाखवला नाही.

पण झालेलं नुकसान काट्याचं नाही. नुकसान वेगळंच झालं, आणि ते मला तेव्हा कळलं नाही. वहिनी बरेच दिवस दादांच्या मागे लागल्या होत्या, की कारंज्याला जाऊन डॉक्टरांना दाखवू, तुमचं अंग उतरत चाललंय. दादा टाळत होते. शेवटी तुला झाली की दुसऱ्या दिवशी जायचं, असं ठरलं होतं. तुला झाली. वहिनींनी भेल्या मोजल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी पाहिलं आहे. त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, "वजन तं भरलं व माय. मी उगीच घाबरून राह्यली होती." आणि कारंज्याला जाणं राहिलं.

वहिनी, तुम्ही खाली पाहू नका. खाली पाहायचं असेल तर मी पाहतो.

त्यानंतर उन्हाळा गेला, पेरणी झाली. दादा अनवाणी वांग्याच्या वाफ्यात फिरत होते. कुंपणाचा बाभळीचा काटा तळपायात शिरला आणि दिवसभर तसाच राहिला. दादांना पत्ताच नाही. संध्याकाळी वहिनींना सारवलेल्या ओसरीवर रक्ताचे ठिपके दिसले, त्यांना वाटलं मांजरीनं उंदीर मारला. काटा काढला, हळद भरली. जखम वरून सुकायची आणि आतून ओली राहायची. मी स्वतः जाऊन पाहून आलो होतो आणि म्हणालो होतो, की पावसाळ्यात जखमा भरायला वेळ लागतोच. मग अंगठा काळा पडला. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ताप चढला होता आणि रक्तातली साखर पाहून डॉक्टरांनी लगेच भरती करून घेतलं.

डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, यांचं वजन कधीपासून उतरतं आहे? वहिनी ठामपणे म्हणाल्या, "नाई डाक्टरसायेब, वजन उतरलं नाई. संक्रांतीले काट्यावर बसवलं होतं, बराबर भरलं." मी दाराजवळ उभा होतो. हातात दादांची चप्पल होती. तिथं मला बोलावंच लागलं. मी सांगितलं, की वहिनी, खाली माप बांधलं होतं.

वहिनींनी माझ्या हातातली चप्पल काढून घेतली. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी घरी गेलो की चहा यायचा, पण तो सून घेऊन यायची. मला वाटायचं की त्यांनी मला चार लोकांत खडे बोल सुनवावेत. त्यांनी तसं केलं असतं तर मी त्याच दिवशी हलका झालो असतो.

आणि दादा? ऑपरेशन झाल्यावर मी त्यांच्या उशाशी बसून हे सगळं सांगितलं. त्यांनी छताकडे पाहत ऐकलं. मग म्हणाले, "मले पाटावर बसल्याबराबर समजलं होतं रे. उभी जिंदगी काटा धरला म्या. पारडं खालून जड हाये का वरून, हे मले नाई समजणार?" मी विचारलं, दादा, मग उतरले काहून नाही? तर म्हणाले, "तुमी टाळ्या वाजवून राह्यले होते. मले बी बरं वाटलं."

एवढंच बोलले. मला त्यांनी दोष दिला नाही, पण म्हणून माझा दोष कमी होत नाही. त्या माणसाच्या मनात भीती होती आणि आम्ही ती लपवायला मदत केली. दादांचा पाय काट्यानं गेला असं गाव म्हणतं. बाभळीचा तो काटा वहिनींनी काढून फेकून दिला. दुसऱ्या काट्याचं काय करायचं, ते मला कळत नाही. तो अजून मंडळात आहे, म्हणून यंदा तुला करू नका असं मीच ठरावात मांडलं.

असो. पश्चात्ताप झालेला माणूस काम जोरात करतो. मीही केलं. रोज हर्रासीच्या आधी माईकवरून सांगायला लागलो, की तहान फार लागते का, लघवी वारंवार होते का, नकळत वजन उतरतं का, पायाला मुंग्या येतात का. शुभांगीताईंच्या पाया पडून गावात तपासणीचं शिबिर लावलं, याच सभागृहात. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त, लगेच आकडा. मी स्वतः रांग लावली. म्हाताऱ्यांना हात धरून आणलं, घाबरणाऱ्यांना समजावलं. सेवालालची साखर त्याच दिवशी सापडली. आज तो गोळी घेतो, गूळ खात नाही, आणि दोन्ही पायांवर चालतो. अशी पुष्कळ माणसं आहेत या सभागृहात, मी नावं घेत नाही. लोक मला म्हणाले, गजेंद्रभाऊ, तुम्ही गाव वाचवलं. ते मी ऐकून घेतलं. नाही म्हटलं नाही.

आता दुसरी अट.

निमंत्रण घेऊन गेलो त्या दिवशी दादांच्या ओसरीत मी बसलो होतो. नात पाणी घेऊन आली, मी तांब्या रिकामा केला आणि दुसरा मागितला. मध्येच उठून वाड्याच्या मागे जाऊन आलो. दादांनी औषधाचं पाकीट दिलं, यावर काय लिहिलंय वाच म्हणून. मी ते लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणालो, अक्षरं फार बारीक छापतात हल्ली. दादांनी पाकीट परत घेतलं. माझा हात धरला आणि मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं. ते सहज पार कोपराजवळ गेलं.

मग म्हणाले, "शिबिरात सगळ्या गावाले लाइनीत उभं केलं तुनं. तुया नंबर कधी आला?"

मी म्हटलं, दादा, मी व्यवस्था पाहत होतो.

दादा म्हणाले, "माया पारड्याखाली तुनं माप बांधलं, ते म्या चालवून घेतलं. तुयाखाली कोन बांधलं, गजेंद्र?"

मायबाप हो, ऐका. शिबिराच्या दिवशी मी प्रत्येकाचं बोट ताईंपुढे धरलं, आपलं तेवढं खिशात ठेवलं. मला माहीत नव्हतं म्हणून नाही. माहीत होतं म्हणूनच. ही सगळी लक्षणं मी रोज माईकवरून सांगतो, आणि पाऊस संपल्यापासून ती माझ्या अंगात आहेत. ज्याला काहीच माहीत नाही तो निदान निर्दोष असतो. मी दादांचा पाय पट्टीत गुंडाळलेला पाहिला, त्याचा वास घेतला, आणि तरीही मी घाबरून गप्प बसलो. आकडा कळला की मग तो असतो. कळला नाही तोवर नसतो, अशी काहीतरी वेडी समजूत मी करून घेतली. दादांचं चुकलं तेव्हा हा आजार कोणता ते त्यांना सांगायला कोणी नव्हतं. मला तर दादाच होते. मला माझीच लाज वाटते.

दादांची अट अशी, की भाषण संपलं की मी शाल द्यायला पुढे यायचं नाही. तिकडे मागे, दाराजवळ शुभांगीताईंनी टेबल मांडून ठेवलं आहे, तिथं जाऊन बसायचं. सगळ्यांच्या देखत. आकडा काय येईल तो मोठ्यानं वाचायचा. तोपर्यंत दादा शाल अंगावर घेणार नाहीत. पहा, शाल अजून घडी घातलेलीच आहे.

समारोप करण्याआधी, अध्यक्ष महोदया, सभेची परवानगी घेऊन माझ्या बायकोशी एक घरगुती गोष्ट बोलतो. भाषणात असं बोलू नये, मला कळतं. पण घरी बोलायचा धीर झाला नाही आणि इथं निदान पळून जाता येत नाही.

शिवमची माय, तू तिसऱ्या रांगेत बसली आहेस. तू मला विचारलं होतंस, की रातच्याला सारखे काहून उठता? मी म्हणालो, की लाइन आली का पाह्यला जातो, मोटर चालू करायची आहे. कास्तकाराच्या घरात या बोलण्यावर कोणी संशय घेत नाही. तू विश्वास ठेवलास. आणि मग तू म्हणालीस, की तुमी लय थकून राह्यले, आजपासून मोटरीचं मी पाहीन, तुमी झोपा. त्या दिवसापासून तू थंडीत, डोक्याला स्वेटर गुंडाळून, बॅटरी घेऊन मळ्यात जातेस. मी पांघरुणातून तुला जाताना पाहतो. तू वाटेला लागलीस की मी उठतो, मागच्या दारी जाऊन येतो, पाणी पितो, आणि तू यायच्या आत परत झोपल्यासारखा करतो.

तू दिवाळीत माझा पायजमा आतून शिवून लहान केलास, तेव्हाही मला म्हणालीस, की कष्टानं आंग उतरलं तुमचं. आणि माझ्या ताटात तुपाची धार वाढवलीस, वर गुळाचा खडा. मी खाल्ला. तू समोर बसून पाहत होतीस, म्हणून सगळा खाल्ला.

ते कष्टानं नव्हतं. लाइन पाहायला मी कधीच जात नव्हतो. मी तुझ्याशी खोटं बोललो. आवडावहिनींना आम्ही खोटं वजन दाखवलं, आणि तेच घरी तुझ्यासोबत केलं.

आता आभार. या कार्यक्रमासाठी ज्यांनी सभागृह सजवलं, सतरंज्या आणल्या, चहा-चिवड्याची सोय केली त्या सर्वांचे मंडळाच्या वतीनं आभार मानतो. कस्तुराबाईंनी वेळ काढला, त्यांचे आभार. शुभांगीताई सुट्टीच्या दिवशी आल्या, त्यांचे ऋण आहेत. बाहेरगावच्या पाहुण्यांनी आमच्या घरातलं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचे विशेष आभार. वहिनी, तुम्ही आज सकाळी मला स्वतःच्या हातानं चहा दिलात, बिनसाखरेचा. तो मी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. दादा, अकोल्याला तुमची प्रकृती सांभाळा, दुसरा पाय रोज संध्याकाळी कोणाकडून तरी पाहून घ्या, आणि जमलं तर एखाद्या दिवशी हर्रासीला येत जा. काटा तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही.

बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, मानपान राहिला असेल, कमी-जास्त शब्द गेला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्यावं, अशी मी या सभागृहाला हात जोडून विनंती...

थांबा. शिवमची माय उठली. कुठं चालली... नाही, बाहेर नाही. टेबलाकडे चालली आहे. माय-बहिणींनो, तिला जरा वाट द्या.

तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली आहे. माझ्याकडे पाहत नाही, खुर्चीची पाठ धरून उभी आहे.

माझं भाषण इथंच संपलं. मी जातो.